शेतधन्याची अनुमती आणि जीवहिंसेचा दोष

लातूर भागातील शेतकरी आपल्या शेताला ‘रान’ म्हणतो. ‘रानात गेलो होतो’, ‘खालचे रान थोरल्याकडे आहे’, ‘रान नांगरून पडले आहे’ अशी त्याची नित्याची बोली असते. जो शब्द अरण्यापासून आला, तोच येथे नांगरलेल्या व पेरलेल्या भुईला लागला आहे. ही केवळ बोलीची गंमत नव्हे. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या बाजूस अरण्य आहे. तेथील प्राणी अरण्यात राहतो आणि कधीमधी शेतात येतो. औसा, निलंगा, चाकूर, अहमदपूर ह्या भागांत तसे नाही. येथे ससा, हरिण, काळवीट, तितर, रानडुक्कर ह्यांना राहावयास आहे ते शेतकऱ्याचे रान, गावचे गायरान आणि बालाघाटाचे उघडे माळ. त्यामुळे येथे ज्याला पारध करावयाची असेल, त्याला बहुधा कोणाच्या तरी बांधावर उभे राहावेच लागते. आणि तो सरळ मनुष्य असेल, तर शेतधन्याला विचारतो, ‘मालक, तुमच्या रानात पारध करू का?’

ह्या विचारणीला ‘हो’ म्हणून आलेला वासनिक पुढे कधी तरी आश्रमात येतो आणि साधूंना विचारतो : ‘शस्त्र मी धरले नाही. फासा मी लावला नाही. मांस तर आमच्या घरात येतच नाही. मी नुसते हो म्हटले. तेवढ्याचा दोष किती?’ प्रश्न साधा दिसतो, म्हणून त्याचे उत्तरही एका शब्दात देण्याचा मोह होतो. ‘हिंसा वर्ज्य आहे’ एवढे सांगितले की सांगणाऱ्याचे काम संपते. परंतु विचारणाऱ्याचे संपत नाही. त्याच्या हरभऱ्यात पुन्हा डुकरे पडतात, पुन्हा कोणी बांधावर येऊन उभा राहतो, आणि पुन्हा त्याला उत्तर द्यावे लागते. म्हणून ह्या ‘हो’चे स्वरूप नीट उकलून पाहणे अवश्य आहे.

प्रथम हे पाहावे की, अनुमती देणारा नेमके काय देतो. मागणारा म्हणतो, ‘तुमच्या रानात’; म्हणजे तो भूमीचा उल्लेख करतो. देणाराही भूमीच्याच नात्याने उत्तर देतो. पण जे घडावयाचे असते ते भूमीवर घडत नाही, जीवावर घडते. सर्वज्ञांच्या निरूपणात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ सांगितले आहेत. शेत हे प्रपंचाच्या पोटातले. ससा वा डुक्कर ह्यांचा देह प्रपंचाचा असला, तरी त्यात बद्ध होऊन राहिलेला जीव हा दुसराच पदार्थ होय. अनादि अविद्येने जसा शेतधन्याचा जीव वेष्टिलेला आहे, तसाच त्या सशाचाही. मनुष्यदेहात ज्ञानाची योग्यता आहे आणि त्या देहात नाही, हा भेद खरा. पण तो भेद देहाचा, जीवाच्या जातीचा नव्हे. तेव्हा प्रपंचाच्या एका तुकड्यावर ज्याची सत्ता, त्याला दुसऱ्या पदार्थाविषयी ‘घेऊन जा’ असे म्हणण्याचा अधिकार कोठून आला?

हे तत्त्व ज्यास कठीण वाटेल, त्याने आपला सातबाऱ्याचा उतारा काढून पाहावा. गाव नमुना सातवर कब्जेदाराचे नाव असते, क्षेत्र असते, आकार असतो. नमुना बारावर कोणते पीक किती क्षेत्रावर उभे आहे ते असते. विहीर असेल तर तिची नोंद होते, झाडांचीही होते. तलाठी कितीही दक्ष असला, तरी तो त्या उताऱ्यावर ‘ससे चार, तितर बारा’ असे कधी लिहीत नाही. सरकारी कागदालाही जी गोष्ट मालकीची म्हणून लिहिता येत नाही, ती तोंडाच्या एका शब्दाने देऊन टाकण्यास आपण मात्र धजतो.

येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो : ‘बरे, प्राणी माझा नाही. मग तर मी सुटलोच. जे माझे नव्हे ते मी दिले, असे होतच नाही. मी केवळ वाट दिली. पुढचे कर्म करणाऱ्याचे.’ हा पूर्वपक्ष वरवर बळकट आहे, आणि पुष्कळ सज्जन माणसे ह्याच्याच आश्रयाने निश्चिंत झोपतात. पण ओसरीवर जुगार मांडू देणारा मनुष्य ‘पैसे माझे नव्हते’ असे म्हणू लागला, तर गाव त्याचे ऐकेल काय? प्राणी आपला नाही म्हणून त्याला मारण्याची वाट देण्याचा आपणास अधिकारच नाही, असे तेथून निष्पन्न होते. वाट दिल्याचा दोष लागत नाही, असे निष्पन्न होत नाही. योगशास्त्रात हिंसेचे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली असे तीन प्रकार मानले आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसासाठी होणाऱ्या वधात घातक कोण कोण, हे मोजताना मारणाऱ्याच्याही आधी अनुमती देणाऱ्याचे नाव घेतले आहे. महानुभाव मार्ग स्मृतींना प्रमाण मानीत नाही, म्हणून त्या वचनावर निर्णय ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी यज्ञात पशुवधाला मोकळीक ठेवली, त्यांनाही अनुमती देणाऱ्यास बाहेर सोडता आले नाही, एवढे लक्षात घेण्याजोगे आहे.

शिवाय मार्गात विकार, विकल्प आणि हिंसा ही तिन्ही एका ओळीत का सांगितली, ह्याचा विचार करावा. हिंसा ही हातातून निघण्यापूर्वी मनात कोठे तरी घर करून असते. शेतधन्याचा ‘हो’ तपासला, तर त्याच्या मुळाशी क्वचित क्रोध सापडतो : पीक खाल्ले, आता भोगा. क्वचित लोभ सापडतो. परंतु बहुतेक वेळा सापडते ती निव्वळ भीड. विचारणारा तालुक्याच्या गावचा वजनदार मनुष्य असतो, सोबत दोन पाहुणे असतात, ‘एखादा ससा मिळाला तर बघू’ असे हसत हसत बोलणे चालते. आणि नाही म्हणणे जड जाते. भीड ही भिकेची बहीण असे लोक म्हणतात ते द्रव्यापुरते. येथे तिची किंमत देणारा तिसराच असतो, आणि तो त्या बोलण्याच्या जागेपासून पन्नास पावलांवर तुरीच्या ओळीत कान पाडून बसलेला असतो.

असो. आता लीळेकडे वळावे. ससा आणि पारधी ह्यांची लीळा बहुतेक सर्व वासनिकांस मुखोद्गत आहे. शाळांच्या पुस्तकांतूनही ती मुलांनी वाचली आहे. अतिपरिचयाने तिच्यातील एक-दोन गोष्टी मात्र नजरेतून सुटतात. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी एका वृक्षाखाली आसनस्थ होते. पारध्यांनी सशावर कुत्री सोडली होती. ससा धावत येऊन स्वामींच्या जानूखाली शिरला आणि कुत्री थबकली. मागून पारधी आले. त्यांनी काय केले? त्यांनी ससा ओढून घेतला नाही. त्यांनी विनविले, ससा सोडावा म्हणून मागणी केली. म्हणजे जो प्रश्न आज बांधावर उभा राहून विचारला जातो, तोच त्यांनी विचारला. (ह्या लीळेतील ‘पारधी’ हा शब्द पारध करणाऱ्याचा वाचक आहे, तो जातिवाचक घेण्याचे कारण नाही.) स्वामींनी उलट विचारले की, येथे शरण आलेल्याला मरण असते काय? तेव्हा त्यांनी आपली अडचण सांगितली : ससा पैजेचा आहे, तो न मिळाला तर आपसांत शस्त्रे निघतील. तरीही स्वामींनी ससा दिला नाही.

ज्या वृक्षाखाली हे घडले, तो वृक्ष स्वामींचा नव्हता आणि ती भूमीही स्वामींची नव्हती. ज्यांच्या नावे कोठे वीतभर जमीन नाही, असे ते निःसंग परिव्राजक होते. ‘ही जागा माझी आहे, येथून निघा’ असे ते म्हणाले नाहीत, म्हणण्यासारखे नव्हतेच. नकार देण्याचे सामर्थ्य मालकीतून आले नाही, ते शरण्यत्वातून आले. जीव आश्रयाला आला, एवढ्यावरूनच तो नकार उत्पन्न झाला. ही गोष्ट एकदा ध्यानात आली, म्हणजे दोन निर्णय आपोआप हाती येतात. एक असा की, मालकीच्या जोरावर दिलेला ‘हो’ हा निराधार आहे, कारण मालकी त्या जीवापर्यंत पोचतच नाही. दुसरा असा की, ‘नाही’ म्हणण्यास मालक असण्याची आवश्यकता नाही. बटईने रान करणारा, सालाने राहिलेला गडी, शेळ्या राखणारे पोर, ह्यांपैकी कोणीही नाही म्हणू शकते. पुष्कळ सालगडी सांगतात, ‘मालकाने सांगितले होते, मी काय करणार?’ त्यांची अडचण खरी असते, पोट तेथे गुंतलेले असते; तरी मार्गाच्या दृष्टीने त्यांना वाटते त्यापेक्षा त्यांचा अधिकार मोठा आहे.

लीळेची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या सशाने कोणाचे पीक खाल्ले नव्हते. पारध्यांची गरजही पोटाची नव्हती, पैजेची होती. आजच्या शेतकऱ्यापुढे रात्रीतून भुईमुगाच्या ओळीच्या ओळी उकरून टाकणारा रानडुकरांचा कळप असतो, आणि तो शेतकरी कर्जात असतो. त्याला सशाची लीळा सांगून वाटेला लावणे हे सांगणाऱ्यास सोपे, ऐकणाऱ्यास कठीण. त्याचे समाधान पुढे पाहू. परंतु तत्पूर्वी राजाज्ञेचा विचार करणे अवश्य आहे, कारण ह्या प्रश्नाचे रूप गेल्या पन्नास वर्षांत कायद्याने पार उलटे केले आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. आरंभी त्यात शिकारीचे परवाने होते. ठरावीक फी भरून ठरावीक प्राणी मारता येत. पण परवाना खिशात असला, तरी जी जमीन सरकारी मालकीची नाही तेथे मालकाच्या, त्याच्या मुखत्याराच्या किंवा कायदेशीर कब्जेदाराच्या संमतीवाचून शिकार करू नये, असा निर्बंध त्याच कायद्यात होता. म्हणजे त्या काळी शेतधन्याच्या ‘हो’ला कायद्याने किंमत होती. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपुष्टात आले आणि त्याबरोबर ते संमतीचे कलमही गळून पडले. आज शेतधन्याने हजार वेळा हो म्हटले, तरी त्या शब्दाने कोणाला ससा मारण्याचा अधिकार मिळत नाही. उलट मारणारा आणि त्याला साह्य करणारा असे दोघेही गुन्ह्यात येतात. ही वार्ता अजून पुष्कळ खेड्यांत पोचलेली नाही. ‘माझे रान, मी परवानगी दिली’ असे फौजदारासमोर भाबडेपणाने सांगणारे शेतकरी आहेत.

परंतु कायद्याने एक दार उघडे ठेवले. काही प्राणी मनुष्याच्या जीवितास किंवा मालमत्तेस धोका करीत असतील, तर वनखात्याचा अधिकृत अधिकारी त्यांना मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. आणि मालमत्तेत शेतातील उभे पीकही कायद्याने धरले आहे. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही ह्यांच्याबाबत शेतकऱ्याने वनखात्याकडे अर्ज करावा, अशी व्यवस्था २०१५ सालच्या शासन निर्णयाने झाली. येथे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी शिकारी शेतधन्याकडे अनुमती मागत असे. आता शेतधनी सरकारकडे मागतो. मागणारा बदलला. पूर्वी जो अनुमोदिता होता, तो आता अर्जदार झाला. त्या अर्जावर त्याचे नाव, गट क्रमांक आणि सही असते. म्हणून ज्या वासनिकाने वाटून घेतले होते की ‘आता परवानगी सरकार देते, आपण त्यातून मोकळे’, त्याने आपण अनुमोदनाच्या पायरीवरून करविण्याच्या पायरीवर आलो, हे ओळखावे. परवान्याने दंड टळतो. दोष टळण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. राजाने शिक्षा करू नये आणि कर्माने फळ देऊ नये, ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

भूमी आणि प्राणी ह्यांची गल्लत करू नये, हे अहिंसेचा गंधही नसलेल्या राष्ट्रांच्या कायद्यांनाही कळले होते. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियन ह्याच्या आज्ञेने जे रोमन धर्मशास्त्र संकलित झाले, त्यात रानटी प्राणी कोणाचाच नाही, जो धरील त्याचा, असे ठरविले आहे. मग तो स्वतःच्या भूमीवर धरलेला असो की दुसऱ्याच्या. मालकाला इतकेच करता येते की, येणाऱ्याला आपल्या भूमीत शिरण्यास मना करावे. इंग्लंडात मोठ्या जमीनदारांनी शिकारीचा हक्क आपल्या हाती ठेवला आणि कुळांच्या पिकांवर ससे चरत राहिले. शेवटी १८८० साली कायदा करून ससे मारण्याचा हक्क कसणाऱ्या कुळालाही द्यावा लागला. त्या सर्व वादांत सशाला विचारण्याचा प्रश्न कधी निघाला नाही, हे सांगावयास नको. आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा प्रसंग मात्र अलीकडचा आहे. फ्रान्स व जर्मनी ह्या देशांत लहान जमीनमालकांना सक्तीने शिकारमंडळांत सामील करून घेतले जाई आणि त्यांच्या जमिनीवर इतरांनी शिकार केली तरी त्यांना ती सोसावी लागे. काही मालक म्हणाले, शिकार आमच्या सदसद्विवेकाला मान्य नाही, आमच्या भुईवर ती नको. स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्क न्यायालयाने १९९९ साली फ्रान्सविरुद्धच्या आणि २०१२ साली जर्मनीविरुद्धच्या खटल्यात त्यांचे म्हणणे ग्राह्य धरले; पुढे जर्मनीने २०१३ साली आपला कायदाही बदलला. नकार देण्याचा हक्क मिळावा म्हणून तिकडे माणसे वर्षानुवर्षे न्यायालयांत झगडली. इकडे तो हक्क बांधावर फुकट पडलेला असतो आणि भिडेपायी आपण तो उचलीत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा विचार. विचारणारा नेहमीच तालुक्याचा वजनदार मनुष्य नसतो. कधी तो फासेपारधी असतो. त्याच्या पूर्वजांनी तितर, लाव्हे आणि हरणे ह्यांवरच पोट भरले. फाशांच्या ओळी लावण्याची आणि शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने हरणाजवळ जाण्याची विद्या त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आली. इंग्रजी मुलखात १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. त्यात नोंद झालेल्यांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडावयाचे तर पास लागे. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. लोकांच्या मनातून मात्र रद्द झाला नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता म्हणून येथील पारधी त्या कलंकातून सुटला असे नाही. ज्याला चालण्यासाठीही परवानगी मागावी लागली, त्या समाजाचा मनुष्य बांधावर उभा राहून ‘मालक, येऊ का?’ असे विचारतो, तेव्हा त्याला मिळणारा नकार बहुधा अहिंसेचा नसतो. ‘चल नीघ, चोरी करशील’ असा तो असतो. आणि त्याच मालकाने गेल्या महिन्यात जीपगाडीतून आलेल्या पाहुण्यांना स्वतः बांध दाखविलेला असतो! ह्या नकारास दया म्हणू नये. त्यात सशाचे रक्षण झाले असेल, पण ते योगायोगाने. विकल्प तर वाढलाच. एका जीवाला वाचविताना दुसऱ्या जीवाचा तिरस्कार केला, तर मार्गाच्या हिशेबात काय शिल्लक राहिले?

महाभारतातील शिबिराजाची कथा ह्या ठिकाणी आठवते. सर्वज्ञांनी स्वतः लोकांतील दृष्टांत घेऊन निरूपण केले आहे, तेव्हा दृष्टांतापुरती ती घेण्यास प्रत्यवाय नसावा. कबुतर राजाच्या मांडीवर येऊन बसले. मागून ससाणा आला आणि म्हणाला, ‘हे माझे अन्न आहे. तू धर्म म्हणून ह्याला ठेवलेस, तर मी उपाशी मरेन. तो कोणता धर्म?’ ससाण्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि राजाने ते खोटे पाडण्याचा प्रयत्नही केला नाही. त्याने तराजू मागविला आणि स्वतःचे मांस कापून पारड्यात घातले. ही कथा सांगताना लोक राजाच्या त्यागाची वाखाणणी करतात. पण तिच्यातला हिशेब कोणी पाहत नाही. आश्रय देणाऱ्याने भुकेल्याची भूक नाकारली नाही, ती आपल्या अंगावर घेतली. नकाराला वजन असते आणि ते कोणी तरी उचलावे लागते. शेतधन्याने ‘नाही’ म्हटले आणि तो घरी जेवावयास गेला, तर ते वजन एकटा पारधी उचलतो.

मग लातूरच्या शेतधन्याने पारड्यात काय घालावे? येथे शास्त्रापेक्षा रानाचा अनुभव अधिक उपयोगी पडतो. ज्याला प्राण्याची वाट, त्याचा माग, त्याची वेळ बिनचूक कळते, तोच रानाचा उत्तम राखणदार होय. पारधी समाजातील काही कुटुंबे आज राखणीची कामे करतातही. ज्या विद्येने हरिण फाशात येत होते, तीच विद्या हरिण पिकात येण्यापूर्वी ओळखण्यास लागते. फरक शेवटच्या क्षणाचा. हरभरा व ज्वारी उभी असेपर्यंतच्या दिवसांची राखण त्याला द्यावी, आणि तीही उपकार म्हणून न देता ठरलेल्या धान्यावर व रोखीवर द्यावी. खर्च येतो, हे खरे. तो खर्च म्हणजेच ते पारडे.

राखणीची साधने जुनीच आहेत : माळा, गोफण, हाळी, रिकामे डबे, बुजगावणे. अलीकडे जुन्या साड्यांचे कुंपण सर्वत्र दिसते. सौर बॅटरीवर चालणारे, झटका देऊन प्राण न घेणारे कुंपणही मिळते. ह्यांत एका जुन्या युक्तीचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे. मराठवाड्यात पूर्वी रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने करडईच्या ओळी घालीत. करडई वाढली की काटेरी होते; गुरे तिच्यात तोंड घालीत नाहीत आणि सहसा आतही शिरत नाहीत. बीही मिळे, तेलही मिळे आणि कुंपणही होई. पुढे सोयाबीन आले, करडई मागे पडली, आणि कडेची ओळ कोणाला आठवेनाशी झाली. डुकराला करडईने पूर्ण अटकाव होतो असे नाही, कातडे जाड असते. पण हरिण आणि गुरे ह्यांच्यापुरता तिचा उपयोग अनुभवाचा आहे. दुसरीकडे मांजरा आणि तेरणा ह्यांच्या काठी ऊस वाढला. उसाचा फड म्हणजे डुकरांना बारमाही आडोसा. आपणच घर बांधून दिले आणि राहावयास आलेल्याला मारण्याचा परवाना मागावयास निघालो, असे हे झाले आहे. ह्याचा दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही. कारखाना, दर, पाणी ह्या साऱ्यांनी त्याला तिकडे ढकलले. तरी अर्जावर सही करण्यापूर्वी त्याने एवढे मनाशी बोलावे.

इतके करूनही पीक जाईल तेव्हा काय? वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. जो अर्ज प्राण्याचा जीव मागत नाही, तो करण्यास मार्गाची आडकाठी नाही. भरपाई नुकसानाइतकी येत नाही आणि वेळेवर येत नाही, हे गाऱ्हाणे खरे आहे. उरलेले नुकसान सोसावे लागते. सोसणे हा शब्द आश्रमात बसून लिहिणे फार सोपे आहे. म्हणून साधूंनीही येथे आपल्याकडे पाहावे. भिक्षेच्या झोळीत जे अन्न पडते, ते ह्याच रानातून आलेले असते. ज्या वासनिकाने पारधीला नाही म्हटले आणि त्यापायी दोन पोती गमावली, त्याच्या घरी भिक्षेला उभे राहताना त्या दोन पोत्यांची आठवण साधूने ठेवावी. नकाराचे वजन त्यानेही थोडे उचलावे.

शेवटी एक अडचण राहते, आणि ती मोठी आहे. शेतधन्याने कोणाला अनुमती दिली नाही, राखण ठेवली, हाळ्या घातल्या. डुकरे त्याच्या रानातून निघाली आणि शेजारच्या रानात गेली. तेथे शेजाऱ्याने चोरून विजेची तार सोडलेली आहे. अशा तारांना डुकरे मरतात, कुत्री मरतात, रात्री पाणी द्यावयास गेलेली माणसेही मेली आहेत. मग आपल्या रानातून हाकलणे हे तेथे मरणाच्या तोंडी लोटणे झाले की नाही? ज्याला तार ठाऊक नाही, त्याला हा दोष लागणार नाही. ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘मी फक्त माझ्या रानातून काढले’ असे म्हणता येणार नाही; ते तर वरच्या पूर्वपक्षाचेच दुसरे तोंड झाले. त्याने राखणदाराला सांगून ठेवावे की, त्या बाजूने हाळी घालावी, म्हणजे कळप तारेकडे न जाता माळाकडे वळेल. आणि दिवसा, डोके थंड असताना, शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन बसावे. तार काढ म्हणावे. तो लगेच काढणार नाही. पुन्हा जावे, जाताना करडईचे मूठभर बी न्यावे, आणि हस्तात दोघांच्या सामाईक बांधाने एक ओळ टाकू या, असे विचारून पाहावे.